कडी गेली तरी मी लागतं

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी दार आहे. कल्याणच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावर उभं आहे. दगडू सुतारानं मला रंधा मारून बसवलं, तेव्हा येणाराजाणारा माझ्या अंगावरून कौतुकानं हात फिरवायचा. पुढे सणासुदीला तोरण मिळालं, एरवी कुणी ढुंकून पाहिलं नाही. बिजागऱ्यांना तेल नाही, पोपडे निघाले तरी रंग नाही. त्याचं मला काही नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लागलं म्हणजे आत कुणी आजारी आहे किंवा भांडण तरी झालंय, असं सगळे धरून चालतात. त्यामुळे या घरची सून रसिका गोष्ट लिहायला बसली, की कुणी विरजण मागायला यायचं, कुणी नुसतंच डोकावायचं. कागदावरच्या माणसांनी तोंड उघडलं रे उघडलं, की हिला उठावं लागायचं. एकही गोष्ट पुरी होईना. शेवटी एका दुपारी तिच्या सासूबाई, रंगूबाई, गॅलरीत तांदूळ निवडायला बसल्या आणि रसिकानं मला लावून आतून कडी घातली. मग रोज दुपारी तिचं तेच सुरू झालं.

एवढ्यावर भागलं असतं. पण लिहिलेले संवाद मोठ्यानं म्हणून बघायची तिला सवय. कानाला खोटं वाटलं की खोडायचं. नव्या गोष्टीत सासू-सुनेचं भांडण होतं. सासू झकास जमली होती. सून मात्र भाषण ठोकायची, "माझ्या स्वप्नांनाही अवकाश हवा आहे!" रसिका दोघींचे आवाज काढायची, सुनेपाशी अडायची आणि पुन्हा पहिल्यापासून भांडायची.

शेजारच्या दगडाबाईंनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं, की सुनेनं रंगूबाईंना घराबाहेर काढलंय आणि वर आतून तोंड सोडते.

"माझी लाज काढलीस," रंगूबाई म्हणाल्या.

"आई, ते गोष्टीतलं भांडण होतं."

"लोकांना काय ठाऊक? सूरज, ती कडी काढ आधी."

सूरज त्यांचा मुलगा, रसिकाचा नवरा. त्यानं निमूटपणे स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कडी काढली. रसिकानं कागद आवरून ठेवले. मला मात्र फार अपमान वाटला.

दुसऱ्या दुपारी तिनं मला लोटलं आणि मलाच पाठ टेकून, पाय जमिनीवर रोवून बसली. कागद मांडीवर. जरा वेळानं बाहेरून धक्का आला.

"रसिका, दार उघड. लोक बघतायत."

"बघू देत."

"उठतेस की नाही?"

"नाही उठणार, आई. मी कामात आहे. झालं की उघडते."

रंगूबाई गॅलरीत परत जाऊन बसल्या. रसिका घाबरली होती, खोटं कशाला सांगू? तिनं पाठ आणखी घट्ट टेकवली. मग तिनं स्वप्नांचं ते वाक्य खोडलं आणि तिथे आत्ता स्वतःच्या तोंडून निघालेलं लिहिलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं. "नाही उठणार. मी कामात आहे." यावेळी खोडलं नाही. गोष्ट पुढे सुटली ती सुटलीच, आणि दिवेलागणीच्या आत पुरी झाली. तिच्या हातून पुरी झालेली ती पहिली गोष्ट.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं शेवटी तेल-रंग मागायचा असतो. मी मागणार नाही. लावलेलं दार दिसलं तर एवढंच करा, मुकाट्यानं परत जा. आत कुणी काम करत असेल. ते पटत नसेल तर खुशाल धक्के मारा. बाहेरच्या बाजूनं मी आहे, आतल्या बाजूनं ती आहे. बघू कोण थकतं ते.