प्रेरणाचा उरलेला धडा

प्रेरणा गेली, तरी पडेगावच्या त्या दोन खोल्यांत तिचा आवाज रोज दिवेलागणीला इंग्रजी शिकवत होता. धाकट्या बहिणीसाठी, मेघासाठी, तिनं मोबाईलवर धडे बोलून ठेवले होते. "लुक म्हणजे बघणं. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. म्हण आता." मग ती थांबायची, जात्यावर एखादी बाई ओवी अर्धी सोडून दुसरीनं उचलावी म्हणून थांबते तशी.

त्या थांबलेल्या जागेत आता आई बोलायची.

"जेवलीस का गं? गार लागतं का तिकडं?" मोबाईल कानाशी धरून गीताबाई विचारायच्या.

"शाब्बास," प्रेरणा म्हणायची. "पुढं."

मेघाच्या अंगावर काटा यायचा.

कामावरून परतताना रस्त्यातच प्रेरणा संपली, त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून गीताबाईंनी दाराला कडी लावली नव्हती. आणि शेवटचा धडा कुणाला ऐकू दिला नव्हता.

"आई, उद्या हॉटेलात मुलाखत हाय माझी. तेवढाच धडा राहिलाय."

"तो ऐकला की काय उरंल तिचं?"

"पण ती बोलली कुणासाठी?"

गीताबाई चुलीकडं वळल्या. तव्यावरची भाकर करपली, तेव्हा त्यांनीच मोबाईल पुढं सरकवला. "लाव."

"वेट म्हणजे वाट बघणं, बसची बघतो तशी," प्रेरणाच्या आवाजात हसू होतं. "वेट अप जरा निराळं. कुणी घरी येईस्तोवर न झोपता वाट बघणं. आपली आई बघती ना, उंबऱ्यात बसून, डोळे तांबडे करून? तसं. म्हण आता, मेघे."

मेघानं आईकडं पाहिलं. नुसतं लोटलेलं दार वाऱ्यानं किलकिलं झालं.

"वेट अप," गीताबाई म्हणाल्या.

"शाब्बास."

मग मोबाईलमधूनच, लांबून, गीताबाईंचा जुना आवाज आला, "पेरना, ये की आत. भाकर गार व्हायली."

"आले, आई."

धडा संपला.

गीताबाई उठल्या. त्यांनी दार सताड उघडलं आणि कुणाला आत येऊ द्यावं तशा बाजूला सरून उभ्या राहिल्या. मेघाच्या पायांवरून गार झुळूक गेली. मग गीताबाईंनी दार ओढलं, कडी घातली, क्षणभर कडीवरच हात ठेवला.

"जेव अन् झोप," त्या मेघाला म्हणाल्या. "उद्या तू आलीस की मग घालीन कडी."