टिटवीची मूठ

शिबिराच्या फाटकाबाहेर सकाळीच बाटल्यांची रांग लागली होती. बाटल्या उन्हात आणि त्यांचे मालक झाडाच्या सावलीत. बाटल्यांत भरलेलं तळ्याचं गढूळ पाणी.

"टिटवीताई उठल्या का?" एक आजोबा अदबीनं विचारत होते. "त्यांनी नुसता हात फिरवला की पाणी काचेसारखं होतं. माझे गुडघेसुद्धा हलके झाले!"

टिटवीताई म्हणजे दहावीतली एक पोरगी. तळ्याचा अभ्यास करणाऱ्या या उन्हाळी शिबिरात प्रत्येकाला पक्ष्याचं नाव मिळे. हिचं तोंड बंद नसे, म्हणून ही टिटवी.

पालकभेटीच्या दिवशी तिनं भोंदूबाबांवर नाटुकलं बसवलं होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून तिनं गढूळ पाण्याच्या बरणीत हात फिरवला. "गाळम् गाळम् खाली बैस, निर्मळ निर्मळ वर ये!" मुलं हसून लोटपोट. दोन गाणी होईस्तोवर गाळ तळाला बसला, पाणी नितळ झालं. दुसऱ्या अंकात मूठ उघडून तुरटी दाखवायची होती. पण जेवणाची घंटा झाली, पाहुणे उठले आणि दुसरा अंक राहूनच गेला.

जाताना कुणीतरी तिला हात जोडले. "आमच्याही पाण्यावर हात फिरवा ना, ताई." टिटवीला गंमत वाटली. तिनं मुठीत तुरटी ठेवूनच हात फिरवला. आता ते नाटक नव्हतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण ताई म्हणवून घेणं भारी गोड लागत होतं.

आज मात्र स्वयंपाकघरात स्वयंपाकाच्या मावशी नव्हत्या. शिबिर चालवणाऱ्या बाईच चहा गाळत होत्या.

"त्यांच्या नातवाला जुलाब झालेत," बाई म्हणाल्या. "पहाटे दवाखान्यात नेलं. औषध बंद करून तू हात फिरवलेलं तळ्याचं नितळ पाणी पाजत होत्या म्हणे."

टिटवीनं कप खाली ठेवला. तपासणीच्या बाटलीत तिनंच ते नितळ पाणी घालून ठेवलं होतं. घाणीतले जंतू असले की त्या बाटलीतलं पाणी काळं पडतं. काल संध्याकाळी ते काळंकुट्ट झालेलं तिनं पाहिलं होतं आणि बाटली फडताळात मागे सारली होती. सकाळी सांगू, म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली. रडतरडत तिनं बाईंना सगळं सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत, त्यानं तिला जास्तच लागलं. "दुसरा अंक राहिलाय ना तुझा?" त्या म्हणाल्या. "चल, मी येते बरोबर."

टिटवीनं फडताळातली काळी बाटली घेतली आणि फाटकाशी जाऊन मूठ उघडली. "ही तुरटी. चमत्कार नाही. मी फसवलं तुम्हाला."

"असं कसं? तुझ्या हातालाच गुण आहे, पोरी," आजोबा हटून बसले.

तिनं तुरटी त्यांच्याच हातात दिली. आजोबांनी पाणी ढवळलं. थोड्या वेळानं गाळ खाली बसला. आजोबा आपल्या हाताकडे बघतच राहिले.

"तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत." तिनं काळी बाटली उंच धरली. "हे बघा, तेच नितळ पाणी. पाणी उकळून प्या. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या. आणि मी सांगते म्हणून नाही, स्वतः तपासून बघा."

लोक कुरकुरत बाटल्या ओतू लागले. गर्दीमागे मावशी उभ्या होत्या, थेट दवाखान्यातून आलेल्या. टिटवी त्यांच्याकडे धावली.

"बाळ?"

"सलाईन लावलंय. वाचला, म्हणतात डॉक्टर."

"मावशी, चुकले मी."

मावशींनी तिचा हात हातात घेऊन बोटं उघडली. तुरटीनं तळवा आकसला होता.

"मूठ उघड, असं आम्ही कुणी म्हटलंच नाही. ते चुकलंच आमचं. यापुढे कुणी का असेना, आधी मूठ उघडायला लावीन," त्या म्हणाल्या. "पण तू रोज माझ्याशेजारी बसून भाजी निवडत होतीस. तू तरी कुठे उघडलीस?"