यादीत नसलेलं नाव

"परकं नाव यादीत घालायचं नाही, पोरी. आपल्या नावानं कोण पत्र धाडतंय, ते आपल्याला ठाऊक हवं."

डोळ्यांच्या दवाखान्याचं ईमेलचं काम ताईकडे सोपवताना मामांनी बजावलं होतं. मामा निवृत्त झाले, पण ताईनं तो शब्द नेमासारखा पाळला. दवाखान्याच्या नावानं ईमेल पाठवायची परवानगी कुणाला, ती यादी रोज सकाळी उघडून बघायची. नाव एकच, दवाखान्याचं स्वतःचं.

त्या दिवशी म्हातारे घड्याळजी मुलीचा हात धरून आले.

"डॉक्टर मला विसरले वाटतं! माझ्या मागची माणसं ऑपरेशन करून पेपर वाचायला लागली."

"आजोबा, तुमची तारीख गेल्या आठवड्यातच होती. ईमेलनं कळवलं होतं की."

"कुणी, वाऱ्यानं?"

मुलीनं फोन पुढे केला. पत्र होतं, पण स्पॅममध्ये, खोट्या लॉटरीच्या पत्रांशेजारी.

"हिच्या आईचं घड्याळ बंद पडलंय गं," आजोबा हळूच म्हणाले. "दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही मला. आणि स्क्रू तर दिसत नाही."

पत्र पाहताच ताईच्या लक्षात आलं. महिन्यापूर्वी तारखा कळवायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. ती दवाखान्याच्या नावानं पत्रं पाठवी. ज्याला पत्र जाई त्याची ईमेलपेटी दवाखान्याची यादी तपासे, आणि कंपनीचं नाव सापडलं नाही की कित्येकदा तोतया समजून पत्र बाजूला टाकी. 'आमचं नाव घाला' असं कंपनीनं दोनदा कळवलं होतं. मामांच्या शब्दाखातर ताईनंच घातलं नव्हतं.

"चूक माझी आहे, आजोबा. नवी तारीख मी स्वतः घरी येऊन सांगेन."

"ईमेलनं येणार?"

"नाही, पायांनी."

ते गेल्यावर तिनं मामांना फोन लावला. सगळं ऐकून मामा हसले.

"अगं वेडे, मी दाराला कडी घालायला सांगितली, दार बुजवायला नाही! ओळख पटवून घे आणि घाल नाव."

तिनं खातरजमा केली, नाव घातलं. तारीख चुकलेल्या बाकीच्यांना एकेक करून फोन केले, प्रत्येकाची माफी मागितली. डॉक्टरांकडून आजोबांसाठी गुरुवार मिळवला. संध्याकाळी कंपनीचं चाचणीचं पत्र नीट, जिथं यायला हवं तिथं आलं. म्हणजे आजोबांचंही आता आपणहून पोचलं असतं.

तरी ताईनं कोऱ्या कागदावर जाड पेनानं, त्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत 'गुरुवार, सकाळी नऊ' लिहिलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं, चपला घातल्या, आणि घड्याळजींच्या गल्लीकडे चालू लागली.