निंगनिंगची अख्खी अंडी

साइफंगने पहाटेपासून चूल धरली होती. चहाची अंडी करायला एवढं काय लागतं म्हणा! अंडी उकडायची, चमच्याच्या पाठीने टरफलं सगळीकडून तडकवायची आणि काळा चहा, सोयासॉस, चक्रीफूल, दालचिनी घातलेल्या पाण्यात मुरत ठेवायची. आमच्या गावातली शेंबडी पोरंसुद्धा करतात. पण लीश्याला, म्हणजे उन्हाळा लागतो त्या दिवशी, लहान मुलांची अंडी तडकवायची नसतात. ती अख्खीच शिजवायची आणि विणलेल्या जाळीत घालून पोराच्या गळ्यात अडकवायची. मग पोरं अंड्यावर अंडं आपटतात. ज्याचं फुटलं तो हरला, त्याने ते मुकाट खायचं.

आज नात यायची होती, निंगनिंग, पाच वर्षांची. साइफंगचा मुलगा ग्वोलियांग गेला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. वर्षभराने सून वेनछिनने शहरात दुसरं लग्न केलं. साइफंगनेच सांगितलं होतं, "कर बाई, सगळं आयुष्य पडलंय तुझं." सांगताना मन मोठं केलं खरं, पण पोरीचं तोंड वर्षाकाठी एकदा दिसेल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! मागच्या लीश्याला आली ती आईच्या पाठीमागून बाहेरच निघाली नाही. पोरगी आपल्याला विसरत चाललीय, हे साइफंगला कळत होतं आणि रात्ररात्र खात होतं.

एकेक अंडं ती पुढच्या दातांवर टकटक वाजवून बघत होती. शेजारची जिनमेई दारातूनच ओरडली, "अगं, अंडी निवडतेस की जावई निवडतेस?"

"गप गं. लहान, टोकदार अंडं लागतं. कोवळ्या कोंबडीचं. त्याचं टरफल घट्ट असतं."

"दोन मिनिटांचा पोरखेळ, आणि तुझा सकाळपासून जीव टांगणीला!"

"आज जिंकली ना, तर ध्यानात राहील तिच्या. म्हणेल, त्या आजीचं अंडं कुणाच्याने फुटत नाही. पुढच्या वर्षी आपणहून येते म्हणेल."

जिनमेई आत आली आणि तिने दुसरी टोपली साइफंगपुढे सरकवली. तिचीही नातवंडं शहरात आहेत.

दोन टोपल्यांतून एकच अंडं साइफंगच्या मनास आलं. रंग चढावा म्हणून पाण्यात अक्रोडाची टरफलं टाकून तिने ते मंद आचेवर ठेवलं आणि तास दोन तास जागची हलली नाही. लालसर, गुळगुळीत, एक चीर नाही. लाल-हिरव्या लोकरीची जाळी तर महिन्यापूर्वीच विणून तयार होती.

तीनच्या सुमाराला मायलेकी आल्या. "आई, किती वाळलात तुम्ही," वेनछिन म्हणाली. तिने अजून 'आई' म्हणणं सोडलं नव्हतं, गुणाची पोर. पण साइफंगचं लक्ष नातीच्या गळ्याकडे गेलं. तिथे एक निळी जाळी आधीच लटकत होती, आत अंडं.

"आजीने बांधलंय," निंगनिंग जाळी घट्ट धरून म्हणाली.

ही आजी म्हणजे वेनछिनची नवी सासू. त्या बाईचा साइफंगला राग आला, अगदी खराखुरा राग. तरी आपली लाल-हिरवी जाळी पुढे करत ती हसून म्हणाली, "छान आहे हं. आता हेही तुझंच. लावायची दोन्हींची टक्कर?"

पोरीचे डोळे चमकले. शहरात गेल्यापासून ती पहिल्यांदा साइफंगकडे बघून हसली. तिने निळ्या जाळीतलं अंडं मुठीत धरलं, साइफंगने आपलं. हळू मारता आलं असतं. हळू मारलं नाही तिने.

टक्!

साइफंगच्या अंड्यावर ओरखडासुद्धा नव्हता. "जिंकली! माझी निंगनिंग जिंकली!" तिने टाळ्या पिटल्या.

निंगनिंग आपल्या मुठीकडे बघत होती. टरफलाला मधोमध खड्डा पडला होता. तिचा ओठ थरथरला.

"तुम्ही माझ्या आजीचं अंडं फोडलंत!" आणि तिने भोकाड पसरलं.

"निंगनिंग! अगं, ह्याच तुझ्या आजी. बाबांच्या आई."

"नाही! माझी आजी घरी आहे! बाबा पण घरी आहेत!"

वेनछिनचा चेहरा पडला. "आई, लहान आहे हो ती..."

"रागावू नकोस तिला." साइफंगला वाटलं, आत्ता ह्या क्षणी मरण आलं तर बरं. पण ती पोरीपुढे उकिडवी बसली, अंगरख्याच्या बाहीने तिचं नाक पुसलं. "चुकलं गं माझं. तुझ्या आजीला सांग, एका म्हातारीने फोडलं. ती दुसरं करून देईल."

रडं तिथेच थांबलं. पोरगी आईकडे वळली. "आपण घरी कधी जायचं?"



"पाचची बस मिळेल तुम्हाला," साइफंगच म्हणाली, आणि पोरीचे बूट तिच्या पुढ्यात आणून ठेवले.