दोन बोटं जास्तीची खिडकी

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. अंग बिडाचं, हातात सुई, पण जिवाने मी अगदी भित्री. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं तरी माझ्या चाकात धस्स होतं. मित्रांनो, हसायचं असेल तर हसा, पण आधी मी काय पाहिलं ते ऐका.

एका मोठ्या कारखान्यात माझे पाय ओतले गेले. काळ्या अंगावर सोनेरी वेल काढली, तेलाचा पहिला थेंब पाजला आणि मला दुकानात पाठवलं. तिथे एका नव्या नवरीने मला पसंत केलं. त्याच आज आमच्या घरातल्या सासूबाई. त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी उभं केलं आणि मी तिथे घट्ट रुजले. शाळेचे गणवेश, दुकानदारांचे एप्रन, बाळांची दुपटी, अख्ख्या इमारतीच्या उशांचे अभ्रे, सगळं माझ्या सुईखालून गेलं. "हिचा टाका उसवायचा तर अर्धा दिवस जाईल," असं लोक म्हणत. तेव्हा मी जरा तोऱ्यातच फिरत असे, म्हणजे माझं चाक.

पुढे सून आली. तिला सगळी इमारत मावशी म्हणते. घरातला कर्ता मुलगा अकाली गेला, पण सासू-सून एकमेकींना धरून राहिल्या. सासूबाईंचे डोळे हळूहळू गेले तेव्हा पायडल मावशीकडे आलं.

सासूबाईंना दिसत नव्हतं, पण त्या खोलीत त्यांना कोणी आंधळी म्हटलं नसतं. उठल्या की हात कपाटाला, तिथून माझ्या चाकाला, चाकावरून खिडकीच्या चौकटीला. चौकटही मोठी गमतीची होती. एका बाजूची भिंत फार पूर्वी खचली होती, त्यामुळे खिडकी तिरकी झाली होती. तिचा पडदा शिवताना मावशी एका बाजूने दोन बोटं कापड जास्त सोडायची. साऱ्या इमारतीत अशी खिडकी एकच, आमची.

मग वरच्या मजल्यावर एक पाहुणी आली. ती दूरच्या श्रीमंत देशातली. काम तिकडचं, पगार तिकडचा, आणि ती मात्र इथे बसून संगणकावर बोटं चालवायची. मुलगी गुणी होती हं. चार दिवसांत आमची भाषा तोडकीमोडकी बोलायला लागली. मावशीला मावशी म्हणायची, सासूबाईंना फळं आणून द्यायची. आमच्याकडे बसली की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची.

"इथे सगळं किती स्वस्त आहे, मावशी! खोली तर फुकटच!"

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कोणाला गं स्वस्त? मला तर भाजीवालीचा भाव ऐकून ठसका लागतो."

मावशी हसली. मीही हसले असते, पण माझं लक्ष त्या 'फुकटच'पाशी अडकलं होतं. कारण दार उघडं होतं आणि जिन्यात घरमालक उभे होते. त्यांनीही ते ऐकलं होतं.

थोड्याच दिवसांत घरमालकांनी वरच्या खोल्यांचे पडदे मावशीकडे शिवायला दिले. कापड किती छान, मऊ, फिकट निळं! मावशी खूश, मीही खूश. पडदे लागले, पाहुणीने फोटो काढून आपल्या मित्रमैत्रिणींना पाठवले, आणि ते एकेक करून येऊ लागले. मग शेजारच्या मास्तरांचं भाडं वाढलं. मास्तर आणि त्यांची बायको सामान बांधून निघून गेले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या खोलीचे पडदे आमच्याकडे आले. मग खालच्या मजल्यावरचा घड्याळजी गेला. पुन्हा पडदे आले.

आता मला समजलं होतं. कोणी गेलं की निळं कापड येतं. आणि ते कापड शिवते कोण? मीच! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी झाले होते. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मशीनला आवाज असतो तो फक्त टकटकीचा, आणि माझी टकटक वाढली की मावशी मला तेल घाली.

समोरच्या वाण्याच्या जागी कॉफीचं दुकान निघालं. खिडकीतून मला आतलं सगळं दिसायचं. शोभेला ठेवलेली न्हाव्याची जुनी खुर्ची होती, तिच्यात कुंडी. आणि कुंडीशेजारी माझ्यासारखीच एक मशीन! तिचं डोकं काढून टाकलं होतं, पट्टा काढला होता, वर काच बसवली होती. लोक तिच्या पायडलवर बूट ठेवून कॉफी पीत होते. तिचं चाक हलत नव्हतं. त्या दिवसापासून मी समोर बघायचं टाळलं, पण खिडकीशी उभं राहणाऱ्याने बघायचं तरी कुठे?

एके सकाळी घरमालक निळ्या कापडाचा गठ्ठा घेऊन दारात आले. आत आले नाहीत. त्यांनी फोनवर टिपून आणलेली मापं वाचली आणि शेवटी म्हणाले, "तिसऱ्या पडद्याला एका बाजूने दोन बोटं जास्त सोडा, मावशी. ती खिडकी जरा तिरकी आहे."

मावशीचा पाय पायडलवरच थांबला.

"कुठली खिडकी, मालक?"

"आहे एक. तुम्ही शिवा ना."

त्या दोन बोटांवरून आम्ही खिडकी ओळखू, याची बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी कधी पडदा लावला असता तर कळलं असतं, की तिरकी खिडकी आमच्याशिवाय कोणाचीच नाही. पलंगावरून सासूबाई हळूच म्हणाल्या, "सूनबाई, ती आपलीच गं."

घरमालकांनी मान खाली घातली. "महिनाअखेरपर्यंत बघा कुठे. माझाही इलाज नाही. एवढं भाडं समोरून चालत आलं तर कोण नाही म्हणेल?"

"या खोलीत आई एकट्या वावरतात," मावशी म्हणाली. "दुसरीकडे त्यांना पाणीसुद्धा घेता यायचं नाही."

घरमालकांनी गठ्ठा उंबऱ्यावर ठेवला. मावशीने निळा गठ्ठा उचलला, घडीही न मोडता त्यांच्या हातात दिला. "हे मात्र मी शिवणार नाही."

माझ्या उभ्या आयुष्यात कापड न शिवता पहिल्यांदाच परत गेलं.

संध्याकाळी पाहुणी खाली आली. डोळे खरोखर भरून आले होते. "मला माहीत नव्हतं, मावशी. खोली माझ्या मैत्रिणीला पाहिजे होती. मला वाटलं, मालक एखादी रिकामीच खोली देतील." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ही जड आहे. नेणं अवघड. इथेच ठेवा ना? मैत्रीण खूप जपेल. खिडकीजवळ टेबल म्हणून सुंदर दिसेल."

मित्रांनो, मला समोरच्या दुकानातली ती काच बसवलेली मशीन आठवली. ती वाईट नव्हती, हेच तर मला जास्त भिववत होतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. नवी खोली गावाच्या पार टोकाला मिळाली होती, लहानशी. मी खरंच जड होते.

निघायच्या दिवशी मावशीने माझा पट्टा काढला. झालं, मला वाटलं, आता डोकं निघेल, काच बसेल. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे कुठले! तेवढ्यात तिने तो पट्टा सासूबाईंच्या हातात गुंडाळला.

"वाटेत चाक फिरू नये म्हणून काढलाय, आई. हा तुम्ही सांभाळा. हरवला तर पोट कशावर भरायचं?"

हमालांनी मला उचललं तेव्हा मी कुरकुरले, पण ती कुरकुर खरी नव्हती.

नव्या खोलीत सासूबाई हात पुढे करून उभ्या राहिल्या. कपाट नव्हतं, भिंत कुठे ते कळेना. "मला इथे काही दिसत नाही गं," म्हणून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. त्यांना रडताना मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मावशीने सगळं सामान तसंच टाकलं, मला ओढून खिडकीशी लावलं आणि त्यांचा हात माझ्या चाकावर ठेवला. चाकावरून त्यांनी चौकट चाचपली. "ही सरळ आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात परत माझ्या चाकावर आणला. आता त्या माझ्यापासून खिडकीपर्यंत जातात. त्यापुढे अजून धजत नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, दूरदेशी जाल. जरूर जा. पण एखादी जागा फारच स्वस्त वाटली तर कौतुक करण्याआधी विचारा, इथे कोण राहत होतं आणि ते आता कुठे आहे. आणि जुन्या मशीनला सुंदर टेबल म्हणण्याआधी तिच्या पट्ट्यावर कोणाचं पोट आहे तेही विचारा.

काल इथले घरमालक वर आले होते. बरोबर पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक परका तरुण होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि खुशीत हसत होता.

"मावशी, तुम्ही पडदे शिवता म्हणे?" घरमालकांनी विचारलं.

सासूबाईंनी माझं चाक घट्ट धरलं. मावशीने पायडलवरचा पाय काढला. मग तिने विचारलं, "कुठल्या खिडकीचे?"