चिठ्ठ्यांचे कोपरे

सेट. एवढ्याशा इंग्रजी शब्दापायी मास्तरांचे डोळे गेले. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात अकरा वर्षं ते त्या एकाच शब्दाला चिकटून बसले. सूर्य मावळतो तो सेट, कपबश्यांचा सेट, मोडलेलं हाड बसवणं सेट, गजर लावणं सेट, ओलं सिमेंट धरतं तेही सेट. एका अर्थाला एक चिठ्ठी आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याची सही, ही तिथली रीत.

"मास्तर, अर्थ काढताय की उवा?" संपादकसाहेब खिदळायचे.

पण मास्तर पेटले होते. जुने ग्रंथ उपसून त्यांनी छडा लावला, की हा एक शब्द नव्हेच. बसवण्याचा 'सेट' जुन्या इंग्रजीतला. टोळक्याचा 'सेट' फ्रेंचमार्गे आलेला, मूळ लॅटिन, अर्थ पंथ. दोन परके एकाच नावाने एका घरात नांदत होते. नोंदी वेगळ्या झाल्या. मास्तरांची नजर तेवढ्यात संपली. आता त्यांना एकच हवं होतं: प्रस्तावनेत आपलं नाव.

साहेबांनी मास्तरांच्या हाताखालच्या ताईला बोलावलं. चिठ्ठी कशी लिहायची, हे ताईला मास्तरांनीच शिकवलेलं.

"प्रकाशनाला ही चिठ्ठ्यांची खोकी पाहुण्यांपुढे मांडायचीत. सह्यांचे कोपरे काप. प्रस्तावनेत 'सेट'चं काम तुझ्या नावावर घातलंय. नको असेल तर सांग, बाहेर रांग आहे."

ताईने विचार केला नाही असं नाही. चहा संपेपर्यंत केला.

दुपारी ती कापत बसली होती, तेव्हा मास्तर भिंत चाचपत आले.

"काय कापतेस गं?"

"कडा, मास्तर. खोक्यात मावत नाहीत."

"आण इकडे, एकसारख्या करून देतो." शेजारी बसून मास्तर गठ्ठे टेबलावर आपटून नीट जुळवू लागले आणि एकेक तिच्या कात्रीखाली देऊ लागले. बोटांना सवय होती. एकही चिठ्ठी उलटी गेली नाही.

"प्रस्तावना छापून आली म्हणे. वाच ना."

टेबलावरचा कागद उचलून ताईने वाचलं. जिथे तिचं नाव होतं, तिथे तिने मास्तरांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट.

"कुठंय? बोट ठेव माझं."

तिने ठेवलं. स्वतःच्या नावावर.

"ठळक आहे?"

"ठळक आहे."

"पुन्हा वाच."

पहिल्यांदा तिचा आवाज जरा कापला होता. या वेळी नाही.

मास्तर खूश झाले, मग एकदम थबकले. "आणि तुझं गं? तुझं नाव नाही घातलं?"

"नाही."

"काय माणूस आहे हा! थांब, आत्ता जाऊन भांडतो."

"राहू द्या मास्तर," ताई मांडीवरचे कोपरे झटकत म्हणाली. "माझं काही अडत नाही. पुढचा गठ्ठा द्या."

मास्तरांनी दिला.