बाईसाहेबांचा डावा खांदा

प्रॉडक्ट फोटोग्राफीच्या ऑनलाइन कोर्सला नाव नोंदवलं तेव्हा काकूंच्या फोनमधले बहुतेक फोटो त्यांच्या स्वतःच्याच अंगठ्याचे होते. भिंगासमोरून अंगठा बाजूला घ्यायचा असतो, हे त्यांना पहिल्याच धड्यात कळलं. एवढ्यावरच फी वसूल झाली, असं त्यांनी मुलीला लगेच फोन करून सांगितलं.

काकू म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानातल्या काकू. त्यांचे यजमान बायकांचे कोट शिवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. मास्तर कापायचे, शिवायचे; काकू काजं-बटणं करायच्या, अस्तर लावायच्या आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या. हे तिसरं काम सगळ्यात मोठं होतं. पण हल्ली गप्पा मारायलाच कुणी येत नव्हतं. गिऱ्हाइकं तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानांकडे पांगली होती, आणि मास्तर पडले नाकावर माशी बसू न देणारे. कुणाला 'कोट शिवून घ्या हो' म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. एके दिवशी त्यांनी मशीनवर जुनी चादर टाकली. शेजारच्या गादीवाल्याचा गोदामासाठी या जागेवर कधीचा डोळा होता. त्याला ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

काकूंना जागा जाण्याची एवढी भीती नव्हती. त्यांना भीती होती मास्तरांची. मशीन बंद झाल्यापासून हा माणूस जेवताना मीठ कमी आहे म्हणूनसुद्धा बोलेनासा झाला होता. ज्या नवऱ्याची कुरकुर ऐकून आयुष्यभर कान किटले, त्याची कुरकुर थांबल्यावर काकूंचं धाबं दणाणलं.

"आई, बाबांना आठ कोट शिवायला लाव," मुलगी म्हणाली. ती दूर नोकरीला होती आणि फोनवरून सगळ्यांची आयुष्यं मार्गी लावायची. "मी ते इंटरनेटवर विकायला ठेवते. फक्त फोटो चांगले हवेत. ते तू शीक."

"मी?"

"बाबा शिकतील असं वाटतं तुला?"

हा मुद्दा बिनतोड होता.

कोर्समधले सर मुलीपेक्षाही लहान होते, दाढी मात्र छातीपर्यंत. काकू बटणांच्या डब्याला फोन टेकवून बसायच्या आणि सरांनी काही विचारलं की "हो सर" म्हणायच्या.

"अगं, त्याला ऐकू जात नाही," मास्तर चादर टाकलेल्या मशीनमागून म्हणाले. कित्येक दिवसांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

"नसेना जात. मी लक्ष देतेय हे मला तरी कळतं ना!"

सर म्हणाले, खिडकी हा सगळ्यात चांगला दिवा. काकूंनी इस्त्रीचं टेबल खिडकीशी ओढलं. सर म्हणाले, ऊन थेट पडू देऊ नका. काकूंनी काचेवर अस्तराचं पातळ पांढरं कापड ताणून बसवलं. सावलीच्या बाजूने उजेड परतवायला पांढरा फळा हवा होता, म्हणून त्यांनी गादीवाल्याकडून थर्माकोलचा तुकडा मागून आणला. आधी शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाचा फोटो झाला, मग रिळांचा, मग कात्रीचा. कात्रीच्या पात्यात काकू स्वतःच दिसत होत्या, त्याही तोंड वासून. तो फोटो मुलीने बघितला आणि ऑफिसात हसू आवरेना म्हणून तिला जिन्यात जाऊन बसावं लागलं.

पण बाई चिकाटीची. तिसऱ्या आठवड्यात रिळांचा असा फोटो निघाला की मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून तो दोनदा पाहिला. संध्याकाळी मशीनवरची चादर निघाली. काकू खाली मान घालून रिळं लावत बसल्या. बोललं तर चादर परत पडेल अशी धास्ती होती.

कोट तयार झाले, पण घालायचे कुणाला? मास्तरांनी जन्मभर जित्याजागत्या माणसांच्या अंगावर मापं बसवली होती, डमी कधी ठेवलीच नव्हती. काकूंनी एका बंद पडलेल्या दुकानातून जुनी डमी आणली. बिनमुंडक्याची, पण मान ताठ. काकूंनी तिचं नाव ठेवलं बाईसाहेब.

पहिला कोट बाईसाहेबांना चढवला आणि काकूंनी फोनमधून पाहिलं. डाव्या खांद्याखाली चुणी पडत होती.

"अहो, डावीकडे पडतोय."

"माझा कोट पडत नाही."

"बघा तर."

मास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पडत होता. त्याच आठवड्यात सरांनी जीव तोडून सांगितलं होतं की जे कॅमेऱ्यात खुपतं ते फोटो काढण्याआधी दुरुस्त करा, नंतर करामती नकोत. दुसऱ्या कुणीही डमी जरा फिरवली असती, टाचण्या लावल्या असत्या. पण हे घर शिंप्याचं. मास्तरांनी खांदा उसवला, डावीकडे जाड पॅड घातलं, बगलेत जरा आत घेतलं आणि पुन्हा टीप मारली. कोट कसा चोख बसला! पुढचा कोटही तसाच पडला, त्याच्या पुढचाही. मास्तरांनी एकेक करून आठही कोट मुकाट्याने उसवून सरळ केले. आता हात पहिल्यासारखा राहिला नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. काकूंना ते दिसत होतं.

फोटो मात्र दृष्ट लागण्यासारखे निघाले. आठही कोट हातोहात गेले. काकूंनी पडद्यावरच्या सरांना हात जोडले. मास्तरांनी भाजीत मीठ जास्त आहे म्हणून तक्रार केली, आणि काकूंचा जीव भांड्यात पडला.

तो तिथे चारच दिवस राहिला. मग कोट परत यायला लागले. एकीने लिहिलं, 'कापड सुंदर, पण डावा खांदा कानाला लागतो.' दुसरीने लिहिलं, 'यात मी कायम खांदा उडवून कशाला तरी नाही म्हणतेय असं वाटतं.' मास्तरांनी परत आलेला कोट स्वतः घालून आरशासमोर उभं राहून पाहिलं. डावा खांदा त्यांच्याही कानाला लागत होता. मग त्यांनी बाईसाहेबांना टेबलावर आडवं घातलं आणि वरचं ताणलेलं कापड कात्रीने उभं फाडलं. आतला भुसा डाव्या खांद्यात चांगला दोन बोटं खचला होता.

काकूंना हसू फुटलं. "म्हणजे तुमच्या हाताला काही झालं नाही हो! हीच मेली वाकडी!"

मास्तर हसले नाहीत. "जन्मभर माणसांची मापं घेतली," ते म्हणाले, "आणि शेवटी भुशाच्या बाईला कोट शिवले. गल्लीला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही." त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि शेजारी निरोप धाडला की येऊन जागा मोजून घ्या.

सात कोट परत आले होते. आठव्याचा पत्ता नव्हता. तो घेणाऱ्या बाईंना काकूंनी स्वतःच सगळं खरं खरं लिहून कळवलं, कोट चुकलाय, पाठवून द्या, आम्ही शरमिंदे आहोत. वर दुकानाचा पत्ताही दिला.

दुसऱ्या दिवशी गादीवाला मास्तरांचीच टेप घेऊन भिंती मोजत होता, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, गोरीमोरी झालेली, अंगात तो आठवा, तपकिरी कोट.

"तुम्हीच का कोट परत मागणारे?" ती म्हणाली. "मी देणार नाही. काय करायचं ते करा."

"ताई, तो चुकलाय," मास्तर खाली बघत म्हणाले.

"कुठे चुकलाय?" बाई आत आली आणि उजेडात उभी राहिली. मास्तरांनी मान वर केली आणि त्यांचे डोळे आपोआप तिच्या खांद्यांवर गेले. कोट दोन्हीकडे एका रेषेत बसला होता. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही.

"लहानपणी झाडावरून पडले," ती म्हणाली. "हाड जुळलं, पण हा खांदा खाली राहिला तो राहिलाच. कुठलाही कोट घ्या, एका बाजूने ओघळतो. पर्सचा पट्टा सरकतो. दुकानातल्या मुली म्हणतात, मॅडम, जरा नीट उभ्या राहा ना. नीट उभी राहूनच तीस वर्षं झाली मला." तिने कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला. "हा घातला आणि घरातली सगळी बघतच राहिली. कुणाला काय बदललंय ते सांगता येईना. आणि तुम्ही म्हणता चुकलाय. मग असं करा, अजून एकदा चुका. निळ्या रंगात चुका."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. "ताई, एक फोटो काढू? आमच्या इंटरनेटवरच्या पानावर लावते." माणसांच्या फोटोचा धडा कोर्समध्ये नव्हता, पण आता तेवढ्यासाठी कोण थांबतंय! त्यांनी तिला खिडकीशी उभं केलं आणि गादीवाल्याच्या हातात थर्माकोल दिला. तो बिचारा एका हातात टेप, एका हातात थर्माकोल घेऊन उभा राहिला.

बाई सराईतपणे अंग चोरून तिरकी झाली, डावी बाजू मागे घेऊन.

"समोर बघा की, ताई."

"मला सवयच नाही हो. फोटोत मी अशीच असते. लग्नाच्या फोटोतसुद्धा." तिने समोरच्या आरशात पाहिलं. मग हळूहळू वळली, आधी मान, मग खांदे, आणि आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर सरळ उभी राहिली.

काकूंनी घाईघाईने बटण दाबलं. फोटो जरासा हलला. तरी तो पुसायचा नाही, हे त्यांनी जागच्या जागी ठरवलं.

मास्तर फोटो बघायला आले नाहीत. त्यांनी मशीनवरची चादर ओढून खाली टाकली, कपाटातून निळं कापड काढून टेबलावर पसरलं आणि गादीवाल्यापुढे हात केला.

"टेप आणा इकडे," ते म्हणाले. "भिंती राहू देत. मला ताईंची मापं घ्यायचीत."